एका खपलीपाशी

बसा.

पाठ टेकलीत तरी चालेल. डोळे मिटू नका. आजचं काम डोळ्यांचं आहे.

श्वास आत घ्या. सोडा.

सोडलेला श्वास वरच्या ओठावर जाणवतो का, बघा. कोमट आहे. किंचित ओला आहे. हा ओलावा लक्षात असू द्या. पुढे तो लागणार आहे.

आता मनात एक खपली आणा.

रंगाची खपली. टाचणीच्या डोक्याहून लहान. अजिंठ्याच्या एका भिंतीची.

ती कुणी खरवडून काढलेली नाही. भिंतीला जिथे आधीच तडा गेलाय, रंग जिथे कडेने आधीच सुटलाय, तिथूनच ती घेतात. चेहऱ्यावरून नाही. हातावरून नाही. कडेच्या, कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागेवरून.

चिमट्याची दोन टोकं जवळ येतात.

उचलणारा माणूस श्वास रोखतो. नुसत्या उच्छ्वासानेही ती उडेल.

तुम्हीही क्षणभर रोखा.

आता सोडा. खपली काचेवर उतरली आहे.

*

या माणसाला आपण सहसा ओळखत नाही.

सरकारी कागदावर त्याचं पद असतं, पुरातत्त्व रसायनतज्ज्ञ. लेणी शोधणाऱ्याचं नाव शाळेच्या पुस्तकात येतं. उत्खनन करणाऱ्याचं नाव वर्तमानपत्रात येतं. याचं नाव अहवालाच्या शेवटी, परिशिष्टात, बारीक टायपात असतं.

पुरातत्त्व खात्यात हे पद १९१७ साली आलं. मोहम्मद सनाउल्ला हे पहिले. मोहेंजोदडो आणि हडप्प्याची तांब्याकाशाची हत्यारं त्यांच्या टेबलावरून गेली. १९३० साली मद्रासच्या सरकारी संग्रहालयात एस. परमशिवन आले.

त्यांच्यापाशी थोडं थांबू या.

परमशिवन आले तेव्हा त्यांच्यापुढे चित्रं नव्हती. काशाच्या मूर्ती होत्या. जमिनीत शतकानुशतकं पुरलेल्या, मग वर आलेल्या.

अशी एक मूर्ती बघा.

खांद्यावर हिरवट पूड आहे. मऊ. बोटाने पुसली तर निघते. काही दिवसांनी पुन्हा येते. पुसा, पुन्हा येते.

मातीतलं मीठ धातूच्या आत शिरून बसलंय. हवेतला ओलावा त्याला मिळतो आणि तांबं आतून पोखरलं जातं. बाहेरून मूर्ती शांत दिसते. आत काम चालूच असतं.

मूर्ती टाकीत सोडतात. कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावण. तारा जोडतात. अगदी मंद वीज.

बुडबुडे येतात. बारीक. अंगावर जमतात, सुटतात, वर जातात.

बघत राहा.

मीठ हळूहळू बाहेर यायला लागतं. घाई करता येत नाही. वीज वाढवली तर मूर्तीच्या अंगावरची कोरीव रेघच सुटायची.

मग मूर्ती शुद्ध पाण्यात ठेवायची. थांबायचं. त्या पाण्यातलं थोडं परीक्षानळीत घ्यायचं. सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकायचा.

पांढरा ढग उठला?

अजून मीठ आहे. पाणी बदला.

थांबा. थोडं पाणी घ्या. एक थेंब.

पांढरा ढग उठला?

पाणी बदला.

थांबा. एक थेंब.

ढग पुसट झालाय. तरी आहे.

पाणी बदला.

असं किती वेळा, ते मूर्ती ठरवते. रसायनतज्ज्ञ ठरवत नाही. आणि ज्या दिवशी थेंब पाण्यात पडतो नि पाणी तसंच राहतं, नितळ, काही होत नाही, तो या कामातला चांगला दिवस.

काही न होणं. त्याच्यासाठी इतकं सगळं.

या 'काही न होण्या'पाशी दोन श्वास थांबा.

*

परमशिवन पुढे मूर्तींकडून भिंतींकडे वळले. तंजावर, सित्तन्नवासल, अजिंठा. प्रश्न दिसायला साधा होता, ही चित्रं काढली कशी?

आपणही भिंतीकडे परतू या. खपली काचेवर वाट बघते आहे.

तिच्यावर पारदर्शक राळ ओततात. राळ घट्ट होते. खपली आत उभी अडकते. मग तो छोटा ठोकळा पॉलिश पेपरवर घासायचा. आधी खरबरीत, मग मऊ, मग त्याहून मऊ. काठ उघडा पडेपर्यंत.

हात गोल फिरतो आहे. आवाज अगदी बारीक.

घासा. बघा. घासा. बघा.

एक फेरा जास्त झाला तर बघायचं तेच उडून जाईल.

आता ठोकळा सूक्ष्मदर्शकाखाली. दिवा बाजूने. डोळा भिंगाला लावा. चाक हळू फिरवा.

आधी सगळं धूसर.

थांबा. डोळ्याला वेळ द्या.

आणि मग, एकावर एक, थर.

भिंतीसमोर उभं राहिल्यावर आपण चित्र समोरून बघतो. इथे ते बाजूने दिसतं. इथे चेहरा नाही, राजा नाही, हत्ती नाही. नुसते पट्टे. वर तपकिरी. त्याखाली काळी रेघ. मग निळा. मग पांढरा. मग मातीचा जाड पट्टा, ठोकळ्याच्या तळापर्यंत.

वरून खाली, सावकाश उतरू या.

*

सगळ्यात वर पिवळट तपकिरी पट्टा.

हा चित्रकाराचा नाही.

एकोणिसाव्या शतकात अजिंठ्यात नकला करायला चित्रकार आले. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून कित्येक हंगाम तिथे राबले. जुने रंग उठून दिसावेत म्हणून भिंतीला रोगण लागलं. पुढे १९२० मध्ये निजाम सरकारने इटलीहून जाणकार बोलावले. सुटलेल्या खपल्या धरून ठेवायला त्यांनी लाख वापरली. त्या काळी तो उत्तम उपाय होता.

रोगण लागलं त्या दिवसाची कल्पना करा.

ओल्या रोगणाखाली रंग एकदम खोल होतात. काळवंडलेला चेहरा उजळतो. बघणाऱ्यांच्या तोंडून 'वा' निघतं.

तो आनंद खरा होता. त्याला नावं ठेवू नका.

पण लाख पिवळी पडते. मग तपकिरी होते. आक्रसते, आणि आक्रसताना खालचा रंग ओढून उचलते. रोगणाखाली आधीची काजळी होती, धूळ होती, वटवाघळांच्या वस्तीचा मळ होता. तो सगळा आत बंद झाला.

ग्रिफिथ्स यांच्या चमूने केलेल्या बऱ्याचशा नकला १८८५ साली लंडनमधल्या एका आगीत जळून गेल्या. रोगण भिंतीवर राहिलं.

नंतरच्या रसायनतज्ज्ञांच्या पिढ्यांनी काय केलं? कापसाचा बोळा घेतला.

काडीच्या टोकाला गुंडाळलेला छोटा बोळा. द्रावकात बुडवलेला, मग पिळून जवळजवळ कोरडा केलेला. भिंतीवर फिरवायचा, घासायचा नाही. बोळा पिवळा झाला की टाकायचा. नवा घ्यायचा.

बोळ्याकडे बघा. पिवळा होतोय, तोवर ठीक. त्यावर निळा किंवा तांबडा दिसला की हात तिथेच थांबला पाहिजे.

रोगण लावायला दुपार पुरते. काढायला एखाद्याची अर्धी नोकरी जाते. मला या दोन माणसांमध्ये दुसरा जास्त जवळचा वाटतो, आणि त्याचं नाव मला कुठल्याही पाटीवर दिसलेलं नाही.

श्वास घ्या. सोडा.

काळी रेघ ओलांडून खाली या.

*

निळा.

इथे थांबा. इथे बराच वेळ थांबू.

भिंगातून तो सलग दिसत नाही. कण कण दिसतो. कोनदार, कुठे मोठा, कुठे अगदी बारीक. मध्ये मध्ये रंगहीन, काचेसारखा कण. एखाद्या कणात रंग इतका गडद की नजर आत जात नाही.

अजिंठ्याचे बाकीचे रंग आसपासचेच आहेत. तांबडा म्हणजे गेरू. पिवळा म्हणजे पिवळी माती. हिरवासुद्धा इथलाच, आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत हिरवट माती भरलेली असते, तीच वाटून घेतलेली. पांढऱ्यासाठी चुना आणि पांढरी माती. काळा म्हणजे काजळ, दिव्याचं.

निळा इथला नाही.

तो राजावर्ताचा आहे. अफगाणिस्तानात बदख्शान आहे, तिथे कोकचा नदीच्या खोऱ्यात सर-ए-संगच्या खाणी आहेत. हिंदुकुशाच्या उघड्या बोडक्या डोंगरांत. तिथला दगड.

नववं आणि दहावं लेणं अजिंठ्यातली सर्वांत जुनी, इसवी सनापूर्वीची. तिथल्या जुन्या चित्रांत हा निळा नाही. पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात, नवी लेणी खोदली गेली, आणि भिंतीवर निळा आला.

कणाकडे बघा.

त्याच्या मागे पर्वत आहे. खाणीतला धूर आहे. खिंडी आहेत, नद्या आहेत. कुणाच्या तरी पिशवीतलं ओझं आहे. बाजारातली घासाघीस आहे. मग अजिंठ्याच्या वाघोरा नदीकाठी एक पाटा, एक वरवंटा, आणि वाटणारा हात.

किती हात, ते मोजू नका. नुसतं हात म्हणा.

हा राजावर्तच, हे कसं कळलं?

पूर्वी एकच वाट होती. कण वेगळा काढायचा. त्यावर आम्लाचा थेंब टाकायचा.

बघा. निळा फिकट होतो. राखाडी होतो. पांढरट होतो. आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो, कारण कणातला गंधक मोकळा झाला. राजावर्त असल्याची खूण पटली.

पण कण गेला.

त्या खोलीत उभं राहा. परीक्षानळीत आता काही निळं नाही. वहीत एक ओळ आहे.

त्या ओळीसाठी त्याने कण दिला. जेवढा लागत होता तेवढाच दिला. वाईट वाटलं असेल का? मला वाटतं, असेल. अहवालात तसं कुणी लिहीत नाही.

श्वास घ्या. सोडा.

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांना दिसून आलं की द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात एक अगदी क्षीण, बदललेला अंश असतो. पदार्थाला स्पर्शून आलेला प्रकाश त्या पदार्थाची खूण घेऊन येतो. १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या क्षीण प्रकाशाला चित्रांपर्यंत पोचायला मात्र पुढे कित्येक दशकं लागली. लेसर यावा लागला, इतका मंद उजेड टिपणारी यंत्रं यावी लागली.

आता कणावर लेसरचा एक ठिपका पडतो. मंद ठेवलेला. तीव्र केला तर रंग पोळेल.

प्रकाश कणाला लागतो. परततो. पडद्यावर रेघ सपाट चालली आहे, चालली आहे, आणि ५४८ या आकड्यापाशी एकदम सुळका उठतो.

गंधकाचे तीन अणू. एकमेकांना धरून बसलेले. खनिजाच्या पिंजऱ्यात बंद. त्यांची ही थरथर. आपण ज्याला निळा म्हणतो तो या तिघांमुळे आहे.

आणि कण?

बघा. आहे तिथेच आहे. आहे तसाच आहे.

पुन्हा बघा.

सनाउल्ला आणि परमशिवन यांच्या पिढीला हे मिळालं नाही. आज तर काही यंत्रं हातात धरून भिंतीसमोर नेतात. खपलीसुद्धा घ्यावी लागत नाही. क्ष-किरण टाकले की इथे लोह आहे, इथे चुन्यातलं कॅल्शियम आहे, हे कळतं. या धंद्यातली शंभर वर्षांची वाटचाल बघितली तर ती एकाच दिशेला झाली आहे. कमी घ्या. आणखी कमी घ्या. जमलं तर काहीच घेऊ नका.

पाहण्याची वेळ मात्र कमी झालेली नाही.

*

निळ्याच्या खाली पांढरा. कागदाइतका पातळ.

निळा आणि पांढरा जिथे भेटतात, त्या रेघेवर नजर ठेवा.

रेघ स्वच्छ आहे. निळा वर आहे, पांढरा खाली आहे. एकमेकांत मुरलेले नाहीत.

इतकंच बघायचं होतं.

चुना ओला असताना त्यावर रंग दिला, तर रंग चुन्यात मुरतो. चुना वाळताना पुन्हा दगड होतो आणि रंगाला आत धरतो. तशी भिंत असती तर ही रेघ इतकी स्वच्छ राहिली नसती. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातली चोळांची चित्रं तपासून परमशिवन म्हणाले, ती ओल्या चुन्यावरची. अजिंठ्याची तपासून म्हणाले, ही कोरड्यावरची. रंग सरसात कालवला आणि वाळलेल्या भिंतीवर दिला.

म्हणजे या निळ्याला धरून ठेवणारा दगड नाही. सरस आहे. तोही आता दीड हजार वर्षांचा, विरलेला.

आणि सरस पाण्यात सुटतो.

त्या सुरुवातीच्या श्वासाची आठवण आहे ना?

अजून थोडं खाली उतरू. मग तिकडे येऊ.

*

माती.

ठोकळ्यातला सगळ्यात जाड पट्टा. तांबूस करडा. यात चमक नाही. नजर आपोआप परत वर निळ्याकडे जाऊ बघते.

तिला परत आणा. हळूच. पुन्हा गेली तर पुन्हा आणा.

काय दिसतं? बारीक खडे. दगडाचा चुरा. आणि पोकळ्या, लांबट, चपट्या. तिथे कधीकाळी गवताची काडी होती. एखाद्या पोकळीत अजून तंतू आहे. एखाद्या ठिकाणी भाताचं तूस, होडीसारखं वळलेलं.

लेण्याची भिंत छिन्नीने मुद्दाम खरबरीत ठेवलेली असते. त्यावर हा मातीचा गिलावा. तुमच्या आजोळी कुडाची भिंत असेल तर हा गिलावा तुम्ही पाहिलेला आहे. तीच माती, तेच तूस, तोच हाताने थापलेला लेप. बोधिसत्त्व त्यावर उभा आहे.

भात कुणाचा होता? कुठल्या खाचरातला? तूस सांगत नाही. पण तंतू कधीकधी सांगतो.

२०१६ साली पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी वेरूळच्या गिलाव्यातल्या तंतूंवर शोधनिबंध लिहिला. तुलनेसाठी त्यांनी ताजी झाडं आणली, जालन्याजवळून आणि दिल्लीच्या वेशीवरून. ताजा तंतू आणि जुना तंतू शेजारी शेजारी ठेवले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघितले.

दोन्ही सारखे होते. भांगेचे.

माणसं याची गंमत करतात. करू द्या. भांगेचा तंतू चिवट असतो आणि किडे त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत, हा त्यातला मुद्दा. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही. तिथली माती कसरीने आणि इतर किड्यांनी आतून खाल्ली. कसर तीच, जुन्या वह्या खाणारी, चंदेरी. तिला चित्राशी काही देणंघेणं नाही. तिला गवत हवं होतं.

रंग वर तसाच राहतो. खाली आधार उरत नाही.

भिंतीवर बोटाच्या पेराने अगदी हलकी टिचकी मारून रसायनतज्ज्ञ ऐकतो. भरीव आवाज आला, तर माती दगडाला धरून आहे. पोकळ आला, तर मध्ये हवा आहे.

ऐका.

टक्. टक्. टक्.

टप्.

इथे. हीच जागा. तो खडूने नाही, कागदावरच्या नकाशात खूण करतो. भिंतीवर काहीच लिहीत नाही.

लेणं १० मध्ये एका खांबावर एक नाव कोरलेलं आहे. जॉन स्मिथ, २८ एप्रिल १८१९. शिकारीला आलेला इंग्रज अधिकारी. चित्रावरच कोरलंय. ज्याने आपलं नाव भिंतीवर कोरलं तो प्रसिद्ध आहे. ज्यांनी त्याच भिंतीवर आपली खूणसुद्धा राहू दिली नाही, त्यांच्यापाशी आज आपण बसलो आहोत.

*

आता डोळा भिंगापासून दूर घ्या.

खोलीत या. ठोकळ्यावर क्रमांक आहे. तो पेटीत जातो, पेटी कपाटात. काम संपलं म्हणून फेकून देत नाहीत. चाळीस वर्षांनी कुणी नवा प्रश्न घेऊन येईल, नवं यंत्र घेऊन येईल, तेव्हा भिंतीकडे न जाता या ठोकळ्याकडे जाता येईल.

खपली घेणारा तोवर निवृत्त झालेला असतो. त्याच्या टिपणवहीत खपली कुठून घेतली ते लिहिलेलं असतं. लेणं, भिंत, जमिनीपासून उंची. अक्षर वाचता येईल असं असलं पाहिजे. एवढीच त्याची पुढच्याला मदत.

एक श्वास घ्या.

सोडा.

आता तो श्वास बघा. कोमट. ओला.

तुम्ही लेणं १ मध्ये उभे आहात. बाहेर मे महिना आहे, आत गार आहे. उजेड कमी आहे. डोळे सरावायला वेळ लागतोय. समोर बोधिसत्त्व पद्मपाणि आहे, मान किंचित कललेली, पापण्या खाली.

तुम्ही श्वास सोडता. शेजारचा सोडतो. त्याच्या मागची सहल सोडते. मुलं, शिक्षक, मार्गदर्शक, सगळे. हवेतला ओलावा वाढतो. मातीचा गिलावा तो शोषतो, किंचित फुगतो. रात्री लेणं बंद होतं. माती सुकते, किंचित आक्रसते. सकाळी पुन्हा आपण येतो.

फुगते. आक्रसते.

फुगते. आक्रसते.

प्रत्येक वेळी अगदी थोडं. डोळ्याला न दिसणारं. वर विरलेला सरस, आणि त्याने कसाबसा धरलेला निळा.

भिंतही श्वास घेते आहे, असं वाटेल. तसं म्हणणं सोपं आहे, म्हणून नको म्हणू या. माती पाणी घेते आणि सोडते, एवढंच.

रसायनतज्ज्ञाने हे मोजलेलं असतं. लेण्यात एका कोपऱ्यात छोटं यंत्र असतं, तापमान आणि ओलावा टिपणारं. त्याला चित्र दिसत नाही. त्याला आपण दिसतो.

आपण आत आलो, रेघ वर गेली. आपण बाहेर पडलो, रेघ खाली आली.

हे ऐकून अपराधी वाटून घेऊ नका. चित्रं बघण्यासाठीच काढली होती. फक्त इतकं असू द्या की बघणं फुकट नाही. त्याची किंमत भिंत देते, अगदी कणाकणाने. रसायनतज्ज्ञाने आयुष्यभर केलं ते हेच. बघण्यासाठी भिंतीला किती द्यावं लागेल याचा हिशेब, आणि तो आकडा दर वर्षी थोडा खाली आणणं.

आता शेवटचं एकदा खपलीकडे या.

तपकिरी. काळी रेघ. निळा. पांढरा. माती.

काही म्हणू नका. काही समजून घेऊ नका. बघा.

श्वास जेवढा सहज येतो तेवढाच येऊ द्या.

बघा.

*

अजिंठ्याला गेलात तर एक करा. सगळी लेणी एका दिवसात उरकायच्या नादी लागू नका. एक भिंत निवडा. आत शिरल्यावर आधी गप्प उभे राहा, डोळे सरावू द्या; मोबाइलचा दिवा भिंतीवर मारू नका, फ्लॅश तर नाहीच. कठड्याच्या अलीकडेच राहा. बोलायचं ते बाहेर येऊन बोला. आणि आपलं बघून झालं की दाराशी रेंगाळू नका, पुढच्याला जागा द्या, भिंतीला थोडी हवा द्या.

सोमवारी जाऊ नका. सोमवारी लेणी बंद असतात.